पाटीची मागची बाजू

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी हिच्या चपला पिशवीत घालत होतो. सिस्टरनी सकाळीच सांगितलं होतं, पलंगाखाली काही ठेवू नका, फरशी पुसताना अडचण होते. एक चप्पल पिशवीत गेली होती, दुसरी हातात होती.

"काका, बसा जरा," डॉक्टर म्हणाले.

चार दिवस ते माझ्याशी उभ्या उभ्याच बोलत होते. त्यामुळे 'बसा' म्हटल्याबरोबर मला कळलं. मी बसलो नाही.

"कधी?"

"वीस मिनिटं झाली. झोपेतच गेल्या."

वीस मिनिटांपूर्वी मी खाली चहा पीत होतो, आणि चहा चांगला झाला होता. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पुढचं सगळं लेकीनं केलं. फक्त खिडकीवर सही करायला मला उभं केलं. खिडकीमागचा कारकून माणूस चांगला होता. नाव, वय, पत्ता भराभर टाइप केलं.

"जन्मस्थळ?"

मी सांगितलं. त्यानं टाइप केलं, थांबला, पुन्हा टाइप केलं.

"काका, लाल होतंय."

"म्हणजे?"

"यादीत नाही. असा देशच नाही."

"होता. ती जन्मली तेव्हा होता."

"मग आता त्याला काय म्हणतात?"

मला सांगता आलं नाही. राज्य करणारे निघून गेले आणि नाव बदललं, एवढं ऐकून होतो. एकदाच बदललं की दोनदा, ते आमच्या घरात कधी कुणी विचारलं नव्हतं. एक्केचाळीस वर्षं संसार केला आणि बायको कुठली ते सांगता येईना. मान खाली गेली माझी.

"इथलंच घालू का? बरेच जण घालतात."

"ते इथं जन्मले असतील."

"मग रकाना कोरा सोडतो. वर्षाच्या आत पुरावा आणा. वर्षानंतर रकाना बंद होतो, मग ब्रह्मदेव आला तरी उघडायचा नाही."

लेक म्हणाली, "बाबा, राहू द्या ना. आईला आता काय फरक पडतोय?"

तिला पडत नव्हता. पण घरी येऊन तो कागद मी पाहिला तेव्हा त्या कोऱ्या जागेवरून माझी नजर हलेना. ही कुठूनच आली नाही, असं त्या कागदाचं म्हणणं होतं.

मी शिलाई मशीनचा मेकॅनिक. ही मला भेटली ती एका गणवेशाच्या कारखान्यात. बत्तीस मशिनींत एक बंद पडलं होतं, त्यावर ही बसली होती. "टाका सुटतोयऽ," म्हणाली. शब्दाचा शेवट ओढून, थोडा वर उचलून. मला वाटलं, चेष्टा करतेय. मग कळलं, बोलणंच तसं. आमच्या चाळीत बायका तिला म्हणायच्या, "ही भांडते तरी गाणं म्हटल्यासारखं वाटतं." एक्केचाळीस वर्षांत तिनं आमच्याकडचं सगळं उचललं, ते ओढणं तेवढं सुटलं नाही.

लग्नानंतर ती घरी कॉलरी उलटवायची. शर्टाची कॉलर घासून गेली की आतली बाजू चांगली असते. उसवायची, उलटी करायची, पुन्हा शिवायची. शर्ट आणखी चार वर्षं चालतो. तिचं काम इतकं साफ होतं की माझ्यासारख्या माणसालाही कॉलर उलटलेली आहे हे ओळखू यायचं नाही. "कापड ओळखायचं तर उलटं करून बघावंऽ," ती म्हणायची, "सुलटं काय, सगळंच छान दिसतं."

आपल्या गावाबद्दल मात्र ती कधी उलटसुलट काही बोलायची नाही. तिचे वडील त्या राज्यकर्त्यांच्या कस्टम ऑफिसात कारकून होते. राज्य गेलं त्या महिन्यात ते बायको-मुलांना घेऊन बोटीनं इकडे आले. ही नऊ वर्षांची होती. भाषा एकच, त्यामुळे इथं मिसळून गेले. वडिलांनी घरात सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर सांगायचं नाही. मार खायची वेळ येईल, एवढंच कारण त्यांनी दिलं. पुढे मार द्यायला कुणी उरलं नाही, पण सवय राहिली.

तीनच गोष्टी तिनं मला सांगितल्या. एक, रस्त्याला एका गव्हर्नरचं नाव होतं, आणि शाळेत जाण्याआधीच ती त्या पाटीवरची अक्षरं वाचायला शिकली. वडील उचलून धरायचे आणि ती बोट फिरवायची. दुसरी, घरापुढे अकरा पायऱ्या होत्या. आमच्या चाळीच्या जिन्याला चौदा आहेत. ही अकराव्या पायरीवर हटकून थांबायची. "पुढच्या तीन काय भाड्याच्या आहेत?" असं मी विचारायचो. ती हसून वर यायची. आणि तिसरी गोष्ट, बोट सुटली तेव्हा धक्क्यावर खूप माणसं उभी होती आणि हात हलवत होती. "मीपण हलवला. खांदा दुखेपर्यंतऽ."

अकरा महिने मी जुन्याच नावानं तिकडे अर्ज पाठवले, उत्तरं आली नाहीत. मग लेकीनं तिकीट काढून दिलं. देशाचं आताचं नाव तिनंच मोबाईलवर शोधलं. हिचा देश म्हणजे समुद्रापलीकडचं एक बंदर आणि त्यामागच्या डोंगराळ पट्ट्यातली चार गावं. जावई म्हणाले, "मामा, या वयात एकटे?" मी म्हटलं, "एकटा कधीचाच झालोय, आता नुसता प्रवास करायचाय." आठ दिवसांचा परवाना मिळाला.

विमानतळावरून गावात जाणारी बस गच्च भरली होती. मी दांड्याला धरून उभा होतो. मागून आवाज आला, "पुढे सरकाऽ, दादाऽ."

मी एकदम वळलो. शेजारच्या माणसाच्या पायावर पाय पडला. कंडक्टर होती, पंचविशीची मुलगी. तिला वाटलं, मला राग आला. "तसं नाही होऽ, मागे माणसं लोंबतायतऽ." तिच्यामागची बाई बोलली. मग ज्याचा पाय तुडवला होता तो माणूस बोलला. सगळी बस हिच्यासारखी बोलत होती. भाजीचे भाव, साहेबाच्या तक्रारी, सुनेचा स्वभाव, सगळं ओढून आणि थोडं वर उचलून. अकरा महिने जो आवाज ऐकला नव्हता तो चाळीस तोंडांतून येत होता. मी दोन थांबे पुढे गेलो, उतरायचं सुचलंच नाही.

जन्मनोंदणीच्या कचेरीत एक चष्मेवाली मुलगी होती. तिनं पत्ता वाचला आणि हसली. "आजोबा, हे नाव माझ्या आईलाही माहीत नसेल." पण काम मन लावून केलं. गव्हर्नरचा तो रस्ता लांबलचक होता, बंदरापासून टेकडीपर्यंत. नावं बदलली तेव्हा त्याचे तीन तुकडे करून तीन रस्ते केले, आणि जुन्या जन्माच्या वह्यासुद्धा त्या तीन रस्त्यांप्रमाणे वेगळ्या बांधल्या.

"मग तिन्ही वह्या बघू या."

"एका अर्जावर एकच वही निघतेऽ. दुसरा अर्ज पंधरा दिवसांनी."

"मला आठ दिवस आहेत. त्यातला एक गेला."

तिनं पेन्सिलीनं कपाळ खाजवलं. "कुठली वही ते आधी नक्की करून या. पाटीमावशींकडे जा. या गावात काय कुठं होतं ते एक देवाला माहीत आणि एक त्यांना. देव कचेरीच्या वेळेत भेटत नाही."

पाटीमावशी म्हणजे नगरपालिकेच्या कारखान्यात चाळीस वर्षं रस्त्यांच्या पाट्या रंगवणाऱ्या बाई. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, तरी अंगणात लाकडी घोडीवर एक पाटी आडवी होती आणि त्या वाकून अक्षराची कड ओढत होत्या. वय चौऱ्याहत्तर. हात कापत होता, पण कुंचला टेकला की थांबायचा.

"बसा भाऊऽ. बोलू नका. हे वळण होऊ दे."

मी बसलो. वळण झालं. मग मी सगळं सांगितलं. हॉस्पिटलची खिडकी, कोरा रकाना, तीन वह्या.

"मंडळी किती वर्षांच्या होत्या निघाल्या तेव्हा?"

"नऊ."

"वडील?"

"कस्टममध्ये कारकून."

त्यांनी कुंचला डब्यात ठेवला. "म्हणजे त्यांची माणसंऽ," म्हणाल्या. त्यात राग नव्हता, पण मायाही नव्हती. मी उठायच्या बेतात होतो.

"बसा हो. मी पळवून लावत नाही कुणाला. आता नाही लावत." कपड्यानं बोटं पुसत त्या म्हणाल्या, "तेव्हा मी सतरा वर्षांची. नुकतीच कामाला लागले होते. हुकूम आला, पहिल्या वर्धापनदिनाच्या आत गावातली सगळी त्यांची नावं गेली पाहिजेत. सहाशे बारा पाट्या. आणि पत्रा कुठं होता? बोटी बंद. सगळा पत्रा तेच आणायचे. जुन्या पाट्यांवर रंगवावं तर त्यांचा रंग भट्टीत भाजलेला, काचेसारखा. त्यावर आपला रंग धरेना. मी म्हटलं, समुद्रात फेकून द्या. आमचे मिस्त्री म्हणाले, पोरी, नाव त्यांचंय, पत्रा आपलाय. उलट्या करा."

"उलट्या?"

"मागच्या बाजूला नवी नावं. जुनं नाव भिंतीकडे. गावातली कुठलीही जुनी पाटी काढा, मागे ते बसलेलेच आहेत सगळेऽ. गव्हर्नर, सेनापती, राणी, राणीचा कुत्रासुद्धा. हसू नका, कुत्र्याच्या नावाची गल्ली होती."

मी हसत नव्हतो. कचेरीतून इथवर मी तीसेक पाट्या वाचत आलो होतो. अख्ख्या गावानं कॉलर उलटवली होती आणि मला, कॉलरी उलटवणाऱ्या बाईच्या नवऱ्याला, ओळखू आली नव्हती.

"मग पुढच्या बाजूला किती नावं झाली?" मी विचारलं.

"तीन. आधी आमचे पुढारी. सोळा वर्षांनी लष्करानं राज्य घेतलं, ते म्हणाले पुढारी नकोत, तारखा लिहा. मग सगळ्या रस्त्यांना तारखा. लोक पत्ता सांगताना गोंधळायचे, 'चार तारखेला राहतो, पाच तारखेच्या कोपऱ्यावर.' ते गेले. मग निवडून आलेले म्हणाले, भांडणं नकोत, झाडांची नावं द्या. झाड कुठल्या पक्षाचं नसतं. सगळी मीच रंगवली. एकाच हातानं."

"आणि देशाचं नाव?"

"तेही दोनदा बदललं. पहिलं बदललं ते रागानं. आताचं आहे ते—" त्या थांबल्या. "तुम्ही नवं म्हणता ना त्याला?"

"आमच्याकडे कुणीच कधी ऐकलं नव्हतं."

"ते नवं नाही भाऊ. सगळ्यात जुनं आहे. ते लोक बोटीतून उतरले त्याआधी कोळी या खाडीला तेच म्हणायचे. मधे दीडशे वर्षं कुणी लिहिलं नाही, एवढंच. आजोबा बोलताना म्हणायचे, आम्ही त्यांना अडाणी म्हणायचो."

कुणाचं नाव इतकी वर्षं तोंडातल्या तोंडात जिवंत राहतं, हे मला माहीत नव्हतं. मग आठवलं ते बोलून गेलो.

"ही सांगायची, बोट सुटली तेव्हा धक्क्यावर माणसं हात हलवत होती. हिनंही हलवला, खांदा दुखेपर्यंत."

पाटीवरचा ओला रंग एका माशीनं बिघडवला, तरी मावशींनी हाकलली नाही.

"मी होते धक्क्यावर," त्या म्हणाल्या. "हलवत होतो हात. निरोपाचे नव्हते ते. जा, चालते व्हा, असे होते. मी तर ओरडतही होते. एवढ्या लांबून ऐकू गेलं नसेल." मग म्हणाल्या, "लष्कर आलं तेव्हा माझाच भाऊ तसाच रातोरात गेला. तो पुढाऱ्याच्या कचेरीत कारकून होता. त्या दिवशी कळलं, कारकून म्हणजे काय. जो खुर्चीवर असेल त्याची वही लिहितो. उद्या चला. तुमचा रस्ता शोधू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. त्यांच्या हातात छत्री, ऊन नव्हतं तरी. एक एक रस्ता दाखवत होत्या आणि प्रत्येकाची चार-चार नावं सांगत होत्या, जशी आपण घरातल्या माणसाची पाळण्यातली, लाडाची आणि शाळेतली नावं सांगतो. लोक त्यांना ओळखत होते. एक दुकानदार ओटा झाडत होता, त्यानं हाक मारली.

"काय मावशीऽ, परत पाट्या बदलताय? आता कुणाचं नाव?"

"तुझंच देते. पण त्यासाठी आधी मरावं लागतं. कधी सोय आहे सांग."

"आधी तुमचा रस्ता होऊ द्याऽ."

"माझा बोळ आहे आधीच. मी रंगवलाय."

पहिला तुकडा बंदराजवळचा. तिथं पायरी एकही नव्हती, दोन्ही बाजूंनी गोदामं. दुसऱ्यावर एका घरापुढे पायऱ्या होत्या. मी मोजल्या, सहा. तिसरा टेकडीकडचा. तिथं चढावर एक पिवळं घर होतं आणि समोर दगडी पायऱ्या, मधोमध झिजलेल्या. मोजल्या. नऊ. पुन्हा मोजल्या, वरून खाली. नऊच.

"नाही," मी म्हटलं.

"किती हव्यात?"

"अकरा."

"लहान पोरीची मोजणी. चुकली असेल."

"ती एक्केचाळीस वर्षं अकराव्या पायरीवर थांबली, ताई. नऊवर थांबली असती तर नऊ म्हणालो असतो."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग छत्रीचं टोक शेवटच्या पायरीपुढच्या डांबरावर टेकवलं आणि दोनदा ठोकलं.

"रस्ता दोनदा वर आला इथं. एकदा गटार घातलं तेव्हा, एकदा डांबर घातलं तेव्हा. खाली दोन आहेत. त्यातल्या खालच्यावर बसून मी डबा खाल्लाय, पाटी लावायला आले होते तेव्हा."

मी खाली पाहत राहिलो. एवढं मोठं गाव, तीन वेळा नावं बदललेलं, आपल्याच दोन पायऱ्या विसरलेलं. आणि त्या दोन पायऱ्या समुद्रापलीकडे, एका चाळीच्या जिन्यावर, एका बाईच्या गुडघ्यात शाबूत होत्या. मी नऊ चढून वर गेलो. घरात दुसरीच माणसं राहत होती, त्यांना त्रास दिला नाही. सगळ्यात वरच्या पायरीवर थोडा वेळ उभा राहिलो. धाप लागली होती म्हणून, असं मावशींना सांगितलं.

तिसरी वही निघाली. चष्मेवाल्या मुलीनं पान काढून दिलं. जांभळ्या शाईत हिचं नाव, तारीख, आणि खाली सासऱ्यांची सही. मी त्यांची सही ओळखतो. आमच्या लग्नाच्या कागदावरही तशीच होती, शेवटच्या अक्षराखाली रेघ मारलेली. दाखला छापून मिळाला तो आजच्या नावाचा. मुलगी म्हणाली, "जुन्या नावानं देता येत नाही आजोबा, छपाई याच नावाची होते." मी म्हटलं, हेच बरोबर आहे.

काम झालं होतं, पण मला ती पाटी बघायची होती, जिच्यावर ही वाचायला शिकली. मावशींना म्हटलं, घरासमोरची पाटी उलटून दाखवा. माझ्या खिशात स्क्रूड्रायव्हर कायम असतो.

त्या जराशा ओशाळल्या. "तिथल्या पाटीमागे ती नाही सापडायची. चूक माझी आहे. पाट्या काढून हातगाडीतून आणायच्या तेव्हा मिस्त्रींनी सांगितलं होतं, कुठली पाटी कुठल्या रस्त्याची ते खडूनं लिही. लिहिलं. नंतर म्हणाले, रंग स्वच्छ पत्र्यावरच धरतो. मी हौसेनं सहाशे बाराच्या सहाशे बारा साबणानं घासून धुतल्या. खडूसकट."

"मग?"

"मग काय, मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. हाताला येईल त्या पाटीवर येईल ते नाव रंगवलं. तेव्हापासून या गावात कुणाच्या पाठीमागे कोण आहे याचा पत्ता नाही. राणी मासळीबाजारात आणि कुत्रा कोर्टासमोर." मग कपाटातून एक जाड वही काढली. "दुरुस्तीला पाटी उतरवली की मागे बघून लिहून ठेवायचे. तीनशे चाळीस झाल्या. बाकीच्यांसाठी आता शिडी चढवत नाही. तुमचा गव्हर्नर दवाखान्याच्या भिंतीवर आहे. पूर्वी टेकडीकडच्या कोपऱ्यावर होती तीच पाटी. तिची एक कड दुमडलेली होती, म्हणून लक्षात राहिली."

परतायच्या आदल्या सकाळी आम्ही दवाखान्याच्या भिंतीजवळ गेलो. आतून एक स्टूल मागून घेतलं. पुढच्या बाजूला एका झाडाचं नाव होतं, हिरव्यावर पांढरं, मावशींच्या हातचं. चार स्क्रू, जुन्या पद्धतीचे, आडव्या खाचेचे. तीन निघाले. चौथा गंजलेला होता. तेल सोडलं, थोडा वेळ थांबलो, फिरवला, आणि त्याचं डोकं तुटून हातात आलं. चव्वेचाळीस वर्षांत माझ्या हातून अशी तीन-चार डोकी तुटली असतील.

"राहू देऽ," मावशी खालून म्हणाल्या. "आधी बघा."

मी पाटी उलटी केली.

निळा रंग. असा निळा की कालच भट्टीतून काढला असावा. सत्तावन्न वर्षं तिला ऊन लागलं नव्हतं, पाऊस लागला नव्हता. पुढचे तीन थर विटले, पोपडे धरले, पुन्हा रंगवले गेले. आणि ही बाजू भिंतीला तोंड लावून तशीच राहिली होती. पांढरी अक्षरं ठसठशीत. एका गव्हर्नरचं नाव, जो कोण होता, काय करून गेला, मला माहीत नाही. बहुतेक चांगलं केलं नसणार. मावशींकडे पाहिलं तर त्या दुसरीकडे बघत होत्या.

मी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि फिरवत गेलो. शेवटच्या अक्षराशी पोचलो तेव्हा स्टुलावर मी किती वेळ उभा होतो ते मला कळलं नव्हतं. दवाखान्याच्या दारात चार माणसं जमली होती. कुणी विचारलं नाही.

"घेऊन जायचीय का?" मावशी म्हणाल्या. "मी दुसरी रंगवून लावते. कुणाला कळायचं नाही."

मोह झाला. खोटं कशाला बोलू. पण पुढच्या बाजूला झाडाचं नाव होतं, आणि त्या नावावर दवाखान्याची पत्रं येत होती. आणि पत्रा त्यांचा होता.

"नको," मी म्हटलं. पाटी सुलटी केली आणि परत लावली. तीनच स्क्रूवर. चौथ्याचं टोक खणून काढलं, पण त्या मापाचा स्क्रू गावात मिळाला नाही. खालचा उजवा कोपरा मोकळा राहिला. वारा आला की भिंतीवर वाजायचा.

"मी घरी गेलो की पाठवतो. माझ्याकडे जुन्या मशिनींचे डबे भरलेत."

"पाठवाऽ," मावशी म्हणाल्या. "नाहीतर हा गव्हर्नर दवाखान्यात झोपू द्यायचा नाही कुणाला."

दुसऱ्या दिवशी त्या बसपर्यंत आल्या. बस सुटली तेव्हा त्यांनी हात वर केला, आणि वळण येईपर्यंत खाली घेतला नाही.

वर्ष पुरं व्हायला चार दिवस असताना मी खिडकीवर गेलो. तोच कारकून होता. दाखला पाहिला, नाव टाइप केलं.

"आलं काका. हिरवं झालं."

त्यानं कागद छापून दिला. लेकीनं तो दोनदा वाचला. "आई हे नाव कधी म्हणालीसुद्धा नाही, बाबा."

"तिला कुणी सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. "आणि ते नवं नाही. सगळ्यात जुनं आहे." मग तिला सगळं सांगत बसलो, कोळी, कुत्र्याची गल्ली, डांबराखालच्या दोन पायऱ्या. चाळीचा जिना चढताना लेक अकराव्या पायरीवर थांबली. मी मागेच होतो, मीही थांबलो.

घरातले सगळे डबे मी उपसले. आडव्या खाचेचे स्क्रू शंभरएक निघाले, पण त्या पाटीचे आटे वेगळे आहेत, आमच्याकडे तसे होतच नाहीत. तुटलेलं डोकं माझ्या खिशात आहे. बाजारात दोन दुकानांत दाखवून झालं, लेथवाल्याकडे अजून गेलेलो नाही. चौथा स्क्रू पाठवायचा राहिला आहे.